डिटेलिंग (डीझेल रेल्वे इंजिनाच्या प्रतिकृतीचे)

कारखान्यात तयार झालेल्या प्रतिकृतीवर हाताने काम करून तिला प्रत्यक्ष धावलेल्या एखाद्या इंजिनाचे रूप देण्याचा छंद. खोक्यातून निघणारी प्रतिकृती बहुधा सबंध वर्गाची, म्हणजे एकाच रचनेच्या सगळ्या इंजिनांची असते. हौशी कारागिराला मात्र त्या वर्गातले एकच इंजिन हवे असते, तेही ठरावीक वर्षातले. त्यामुळे हत्याराला हात लावण्याआधी छायाचित्रे जमवावी लागतात.

ब्रिटनच्या क्लास ३७ या डीझेल इंजिनांच्या वर्गावरून हे नीट कळते. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने १९६० ते १९६५ या काळात अशी ३०९ इंजिने बांधली. पहिल्या ११९ इंजिनांच्या नाकाडावर गाडीचा संकेतांक दाखवणाऱ्या दोन सुट्या पेट्या आणि मधे दार होते. नंतरच्यांना मधोमध एकच पेटी आली. पुढे हिरवा रंग जाऊन निळा आला, तोंडावरचा पिवळा चौकोन वाढून पूर्ण तोंड पिवळे झाले, अनेकांची दारे कायमची बंद झाली, डबे तापवण्यासाठी वाफ करणारे बॉयलर काढून टाकले गेले. १९७० च्या दशकात क्रमांकही बदलले. हे सगळे प्रत्येक इंजिनाला एकाच वेळी झाले नाही, आणि चुका नेमक्या तिथेच होतात. जतन केलेल्या इंजिनाचे आजचे छायाचित्र तर हमखास फसवते: रंग जुना, पण अंगावरच्या दुरुस्त्या नंतरच्या. शिवाय डाव्या बाजूवरून उजवी ताडू नये. जाळ्या आणि झडपा दोन्हीकडे सारख्या नसतात.

सर्वांत जास्त फरक पडतो तो हातदांड्यांनी. प्लास्टिकच्या अंगातच ओतलेला १ मिमी जाडीचा दांडा १:७६ प्रमाणात ७६ मिमी जाड ठरतो, म्हणजे मुठीत मावायचा नाही. तो धारदार पात्याने तासून काढतात, बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने भोके पाडतात आणि ०.३३ मिमी पितळी तार वाकवून बसवतात. प्रत्यक्षात ती सुमारे २५ मिमी भरते. छतावरच्या पंख्याची भरीव जाळी कापून तिथे आम्लाने कोरलेली पातळ धातूची जाळी लावली, की आतला पंखा दिसू लागतो. पुढच्या बफर-तुळईवर (धक्के झेलणारे बफर जिथे बसतात त्या आडव्या तुळईवर) ब्रेकच्या नळ्या आणि इतरत्र वायपर, हॉर्न असे सुटे भाग चढतात. नळ्या आणि खेळण्यातली मोठी कपलिंग (डबे जोडायचा आकडा) एकत्र नांदत नाहीत, म्हणून बरेच जण एकाच टोकाला नळ्या लावून दुसरे टोक गाडी ओढायला मोकळे ठेवतात. तडजोड आहे, पण शहाणपणाची. खिडक्यांजवळ सुपरग्लू वापरू नये; त्याच्या वाफेने काचा पांढरट पडतात. तिथे पांढरा गोंद बरा.

जुना क्रमांक हलक्या हाताने काढून नव्या क्रमांकाचे पाण्यावर सुटणारे डेकल (पातळ पारदर्शक पापुद्र्यावर छापलेले चिकटचित्र) लावतात. खालचा पृष्ठभाग चकचकीत वार्निशचा हवा, नाहीतर डेकलखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. नंतर मॅट वार्निशचा हात दिला की कडा लपतात. शेवटी मळवण्याचे काम: धुरांड्याभोवती काजळी, बोगींवर (चाकांच्या सांगाड्यांवर) ब्रेकची तपकिरी धूळ, टाकीच्या तोंडाशी सांडलेल्या डीझेलचा ओघळ. ओघळ पाणी वाहते तसे वरून खालीच ओढावेत. इथे हात आवरता येत नाही, आणि रोज धुतले जाणारे प्रवासी गाड्यांचे इंजिनही भंगारातले दिसू लागते.

रुळांचा प्रश्न मात्र डिटेलिंगने सुटत नाही. ओओ या ब्रिटनमधल्या प्रचलित प्रतिकृती-प्रकारात इंजिन १:७६ चे, पण रुळांतले अंतर १६.५ मिमी, १४३५ मिमीच्या खऱ्या अंतराला १८.८३ मिमी हवे. १:८७ च्या एचओ प्रकारात हे गणित जुळते. ज्यांना ओओची फट खुपते ते चाके आणि रूळ दोन्ही बदलून १८.८३ मिमीचे अचूक अंतर पाळणाऱ्या पी४ प्रकाराकडे वळतात. बाकीचे समोरून बघायचे टाळतात.