मॅनहाइम १९१४ : अकराव्या फेरीत थांबलेली स्पर्धा

बुद्धिबळाच्या इतिहासात १९१४ म्हटलं की बहुतेकांना सेंट पीटर्सबर्ग आठवतं. तेव्हाचा जगज्जेता लास्कर याने क्यूबाच्या कापाब्लांकाला मागे टाकलं ती स्पर्धा. झारने तिथल्या पाच अंतिम खेळाडूंना 'ग्रँडमास्टर' ही पदवी दिली अशी गोष्टही सांगितली जाते. तिला समकालीन पुरावा नाही, पण ती मरत नाही. त्याच वर्षी दोन महिन्यांनी जर्मनीत मॅनहाइमला भरलेली स्पर्धा मात्र 'अपूर्ण राहिली' एवढ्या एका ओळीत संपवली जाते. ही ओळ फार तोकडी आहे.

जर्मन बुद्धिबळ संघटना १८७७ साली लाइपझिगला स्थापन झाली. साधारण दर दोन वर्षांनी ती वेगवेगळ्या शहरांत अधिवेशन भरवायची. मुख्य आकर्षण मास्टरांची स्पर्धा, आणि तिच्या जोडीला खालच्या गटांच्या स्पर्धा. यातली 'हाउप्टटुर्निअर' ही महत्त्वाची, कारण ती जिंकणाऱ्याला मास्टर मानलं जाई. जागतिक संघटना निघायला अजून वेळ होता (ती १९२४ची), त्यामुळे मास्टर कोणाला म्हणायचं हे ठरवण्याचा रस्ता बऱ्याच अंशी अशा अधिवेशनांतूनच जायचा. टाराश १८८३ला आणि लास्कर १८८९ला याच वाटेने वर आले. म्हणूनच रशियन साम्राज्यातले होतकरू खेळाडू पदरमोड करून जर्मनी गाठत.

मॅनहाइमचं अधिवेशन एकोणिसावं. ऱ्हाईन आणि नेकर नद्यांच्या संगमावरचं हे शहर. २० जुलैला खेळ सुरू झाला तेव्हा साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून होऊन तीन आठवडे उलटले होते आणि ऑस्ट्रियाने सर्बियाला निर्वाणीचा खलिता द्यायला तीन दिवस बाकी होते. मास्टर गटात १८ जण, साखळी पद्धत, म्हणजे १७ फेऱ्या. लास्कर, कापाब्लांका आणि रुबिनस्टाइन नव्हते. तरी टाराश, मार्शल, यानोव्हस्की, दुरास, रेटी, ब्रेयर, स्पिलमन, टार्टाकोवर, विदमार ही नावं काही साधी नाहीत.

आणि रशियाचा एकवीस वर्षांचा अलेखिन. सेंट पीटर्सबर्गचा तिसरा क्रमांक खिशात घालून आलेला. इथला त्याचा फाहर्नीविरुद्धचा डाव आजही फ्रेंच बचाव (डावाची एक प्रचलित सुरुवात) शिकणाऱ्याला दाखवतात. सहाव्या चालीत त्याने हत्तीपुढचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. काळ्याने उंट मारून ते प्यादं वजिराने उचलावं, आणि पांढऱ्याच्या हत्तीला थेट मोकळी पट्टी मिळावी, असा हा सौदा. फ्रान्सच्या शातारने तो आधी खेळून पाहिला होता, त्यामुळे आज दोघांच्याही नावाने हा हल्ला ओळखला जातो.

१ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. अकरा फेऱ्या झाल्या होत्या. स्पर्धा तिथेच थांबवली. अलेखिनचे साडेनऊ गुण, विदमारचे साडेआठ, स्पिलमनचे आठ. झालेल्या गुणांवर बक्षिसं वाटून टाकली. अलेखिनच्या वाट्याला ११०० मार्क आले.

मग पांगापांग. अमेरिकेच्या मार्शलने आठवणींत लिहिलंय की ॲमस्टरडॅमचा सात तासांचा प्रवास त्याला एकोणचाळीस तासांना पडला आणि सरहद्दीवर सामान हरवलं. पाच वर्षांनी त्याच्या ट्रंका न्यूयॉर्कला घरपोच आल्या, आतलं सगळं जसंच्या तसं! युद्ध करणारं साम्राज्य कोसळलं, पण सामानाची चिठ्ठी कोणीतरी सांभाळली होती.

रशियन प्रजाजनांचं नशीब एवढं बरं नव्हतं. मास्टर गटातले अलेखिन, बोगोल्युबोव आणि वॉर्साचा फ्लाम्बर्ग, शिवाय खालच्या गटांतले राबिनोविच, रोमानोव्हस्की, बोगातिरचुक, सेलेझ्निएव वगैरे मिळून एकूण अकरा जण शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडले गेले. जर्मनीतल्याच रास्टाट गावच्या तुरुंगात अलेखिन आणि बोगोल्युबोव पटाशिवाय, तोंडी चाली सांगत खेळायचे. सप्टेंबरच्या मध्यावर अलेखिन, बोगातिरचुक आणि आणखी दोघे सुटून स्वित्झर्लंडमार्गे निघाले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ब्लॅक फॉरेस्टमधल्या ट्रिबेर्ग या घड्याळांच्या गावी स्थानबद्ध केलं. काम नाही, जाणार कुठे? त्यांनी आपसांतच स्पर्धा सुरू केल्या. बोगोल्युबोव बहुतेक वेळा पहिला यायचा.

या वर्षांकडे नुकसान म्हणून पाहिलं जातं, आणि ते होतंच. दुरासची कारकीर्द युद्धाने जवळपास संपवली. पण ट्रिबेर्गसारखं निवासी शिबिर शांततेच्या काळात कोणी ठरवून भरवलं नसतं. सोव्हिएत रशियाच्या पहिल्या पाच अजिंक्यपद स्पर्धांचे विजेते पाहा : १९२० अलेखिन, १९२३ रोमानोव्हस्की, १९२४ आणि १९२५ बोगोल्युबोव, १९२७ला बोगातिरचुक आणि रोमानोव्हस्की बरोबरीत. एकूण एक मॅनहाइमचे कैदी! सोव्हिएत बुद्धिबळाची मुळं सांगताना सरकारी पाठबळाची चर्चा भरपूर होते. पाठबळ खरंच, पण पाठीशी घालायला तयार खेळाडू लागतात, आणि त्यातले बरेचसे जर्मन पहाऱ्याखाली मुरले होते. राबिनोविचने पुढे, १९२७ साली, डावाच्या अंतिम टप्प्यावर रशियन भाषेतलं मोठं पाठ्यपुस्तक लिहिलं.

बोगोल्युबोवची गंमत वेगळीच. त्याने ट्रिबेर्गच्याच मुलीशी लग्न केलं, आणि कैदेचं गाव सासरचं गाव झालं. १९२७ला तो जर्मन नागरिक झाला. अलेखिन त्याआधीच, १९२१ला, रशिया सोडून गेला होता. नंतर फ्रेंच नागरिक आणि १९२७पासून जगज्जेता. मॉस्कोच्या लेखी दोघेही फितूर. जगज्जेतेपदासाठी हे दोन जुने सहकैदी १९२९मध्ये आणि पुन्हा १९३४मध्ये एकमेकांसमोर बसले, आणि दोन्ही वेळा अलेखिन सहज जिंकला. १९३४चा सामना जर्मनीतल्या एकेका शहरात फिरत खेळवला गेला. त्या यादीत मॅनहाइमही होतं.