तापीकाठच्या दोन वास्तू आणि इ.स. 632 चा प्रश्न

शिरपूर तालुक्यातील थाळनेर येथे तापीच्या काठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. 1601 पर्यंत, म्हणजे अकबराने असीरगड घेईपर्यंत, दोनशेहून अधिक वर्षे खानदेशावर राज्य केलेले हे घराणे आपली वंशावळ दुसरे खलिफा (प्रेषितांनंतरचे मुस्लिम समाजाचे प्रमुख) उमर ‘अल-फारुक’ यांच्याशी जोडत असे, आणि घराण्याचे नावही त्यावरूनच पडले. त्याच नदीवर वरच्या अंगाला त्यांची राजधानी बऱ्हाणपूर आहे. आज ते मध्य प्रदेशात असले तरी इतिहासाने खानदेशाचेच आहे. तेथील दर्गा-ए-हकीमी हे दाऊदी बोहरा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. ज्या उमरांचा वारसा फारुकी अभिमानाने सांगत, त्यांची खिलाफत बोहरा परंपरेला मान्य नाही.

या मतभेदाचे मूळ इ.स. 632 मध्ये आहे. प्रेषित मुहंमद यांच्या निधनानंतर समाजाचे नेतृत्व कोणी करावे, यावर मदिनेत दोन मते झाली. अबू बक्र यांची निवड झाली आणि ती मानणाऱ्यांची परंपरा पुढे सुन्नी म्हणवली. प्रेषितांनी आपले चुलतभाऊ व जावई अली यांनाच वारस नेमले होते, असे मानणारे ‘शियत-ए-अली’, म्हणजे अलींचा पक्ष, अर्थात शिया होत. अली 656 मध्ये चौथे खलिफा झाले. 661 मध्ये कूफा येथे त्यांची हत्या झाली. पुढे 680 मध्ये करबला येथे त्यांचे पुत्र हुसेन मारले गेले आणि वारसाहक्काच्या वादाला हौतात्म्याची धार आली. तरीही कुराण, एकेश्वर, काबा, रमजानचे रोजे आणि हज दोघांचेही एकच आहेत. मोहरमचे ताबूत तर महाराष्ट्रात सुन्नी मुसलमान आणि हिंदूही बसवत आले आहेत, ही गोष्ट भेदाची चर्चा करताना सहसा विसरली जाते.

शियांमधील पुढची फूटही वारसाचीच. अलींच्या वंशातील इमाम, म्हणजे शियांचे धर्मनेते, जाफर सादिक 765 मध्ये निवर्तल्यावर त्यांचे पुत्र मूसा यांची परंपरा मानणारे बारा-इमामी झाले, तर इस्माइल यांची मानणारे इस्माइली. इजिप्तवर राज्य करणाऱ्या इस्माइली फातिमी घराण्यात 1094 मध्ये निजार आणि मुस्तअली या भावांत गादीचा तंटा झाला. आगाखानांचे अनुयायी खोजा पहिल्या शाखेचे, तर बोहरा दुसऱ्या शाखेचे आहेत. बोहरांच्या मुख्य दाईंचे, म्हणजे धर्मप्रमुखांचे, पीठ सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आले.

सुन्नींमधील भेद वेगळ्या जातीचे आहेत. हनफी, मालिकी, शाफी आणि हंबली ही धर्मशास्त्राची घराणी असून ती एकमेकांना ग्राह्य मानतात. खानदेशातील सुन्नी बहुतांशी हनफी, तर कोकणातले प्रामुख्याने शाफी आहेत. देवबंदी आणि बरेलवी यांना अनेकजण स्वतंत्र पंथ समजतात, ते बरोबर नाही. दोन्ही हनफीच असून दर्गे, उरूस आणि प्रेषितांविषयीच्या आदराचे स्वरूप यांवरून एकोणिसाव्या शतकातील उत्तर हिंदुस्थानात त्यांचा वाद उभा राहिला.

व्यवहारात सर्वांत सहज जाणवणारा फरक मात्र पंचांगाचा आहे. सुन्नी समाज चंद्रदर्शनाची वाट पाहतो, तर बोहरा फातिमी काळापासून चालत आलेल्या गणिती पंचांगाप्रमाणे महिने मोजतात. म्हणून जळगाव-धुळ्यातही बोहरा कुटुंबांची ईद बहुधा एक-दोन दिवस आधीच होऊन गेलेली असते.