इंजिनाला रंग का लागला?

स्पोर्ट्स कारचं बॉनेट उघडलं की पहिली नजर जाते ती टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर. ते लाल असेल तर फेरारी किंवा होंडाची टाइप आर, चकचकीत पॉलिश केलेलं असेल तर जुनी जॅग्वार, खाली केशरी ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य ओतीव ठोकळा) दिसला तर शेवर्ले, असे आडाखे शौकीन मंडळी लांबूनच बांधतात. आज हा सगळा हौसेचा आणि मिरवण्याचा भाग वाटतो. पण यातल्या बहुतेक गोष्टी कारखान्याच्या रुक्ष गरजांतून सुरू झाल्या. कुठे गंज होता, कुठे ओतकामातले दोष, कुठे उष्णता, तर कुठे दिसायला सारख्या इंजिनांतलं नेमकं कोणतं कुठल्या गाडीत बसवायचं हा घोळ. हौस मागाहून आली.

सुरुवात बिडापासून करावी लागते. बिडाचा ब्लॉक मशीन शॉपमधून उघडा बाहेर आला, की दमट हवेत बघता बघता तांबूस पडतो. म्हणून बाहेरून एनॅमल रंग. आतल्या बाजूचा प्रश्न वेगळा होता. वाळूच्या साच्यात ओतलेल्या ब्लॉकच्या खरखरीत कोपऱ्यांत वाळूचे कण अडकून राहतात आणि इंजिन चालू झाल्यावर सुटून तेलात येतात. त्यावर अमेरिकेतले शर्यतीचे मेकॅनिक जनरल इलेक्ट्रिकचं ‘ग्लिप्टाल’ वापरू लागले. हे लाल व्हार्निश मुळात विजेच्या मोटरींच्या इन्सुलेशनसाठी. ते ब्लॉकच्या आतून लावलं की वाळू जागच्या जागी बसते आणि वर उडालेलं तेल सरसर खाली उतरतं. अट एकच, आतला तेलकटपणा पुरता निघालेला हवा. नाहीतर तेच व्हार्निश पापुद्र्यांनी सुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतं. जुन्या इंजिनांचं काम करणाऱ्यांत यावरून अजून दोन तट आहेत. माझं मत विचाराल तर धुण्याची नीट सोय नसेल तिथे आतून काहीच न लावणारे शहाणे.

बॉनेटखालचं रूप मुद्दाम घडवणाऱ्यांत एत्तोरे बुगातीचं नाव आधी घ्यावं लागतं. अल्सासमधल्या मोल्सहाइमच्या त्याच्या कारखान्यातली इंजिनं काटकोनी, ठोकळ्यासारखी. १९२४ साली लिऑंच्या ग्रां प्रीत उतरलेली टाइप ३५ घ्या. तिच्या इंजिनाच्या सपाट बाजूंवर हाताने स्क्रेपर फिरवून उठवलेले बारीक ओरखडे आहेत. स्क्रेपिंग हे मुळात फिटरचं काम. मशीनच्या बेडसारखे पृष्ठभाग शाई लावून तपासायचे आणि उंचवटे खरवडून सपाट करायचे. बुगातीने त्याच खुणा शोभेसाठी ठेवल्या. इथे रंग नाही, मुलामा नाही, नुसती धातूवर हाताची करामत.

अमेरिकेत याच्या उलट थाट. १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला ड्यूसेनबर्गची मॉडेल जे आली. आठ सिलिंडर एका ओळीत, २६५ अश्वशक्तीचा दावा आणि सगळं इंजिन हिरव्या एनॅमलमध्ये. जोडीला निकेल आणि क्रोमची झळाळी. क्रोम तेव्हा अगदी नवं होतं. कोलंबिया विद्यापीठातल्या कॉलिन फिंकने क्रोमियमचा मुलामा धंद्याच्या पातळीवर आणण्याची रीत १९२० च्या दशकाच्या मध्याला बसवली, आणि मोटारवाल्यांनी ती उचलून धरली. या घराण्यातली सुपरचार्जरवाली (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप असलेली) एसजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३० च्या दशकात मागवली होती. बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, रंग केशरी आणि काळा. बॉनेटच्या बाजूतून एक्झॉस्टचे चकचकीत लवचीक पाइप बाहेर आलेले. इंजिनाचा भागच बाहेर काढून दाखवण्याची ही कल्पना होती. क्रोम मात्र एक्झॉस्टच्या धगीत निळंजांभळं पडतं, हे ज्याला त्याला पुढे कळलंच.

पॉलिशची खरी कथा जॅग्वारची. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांच्या काळात कव्हेंट्रीच्या कारखान्यावर रात्री आगीची राखण करायची पाळी असे. विल्यम लायन्सने आपले इंजिनिअर विल्यम हेन्स, वॉल्टर हसन आणि क्लॉड बेली यांना बरोबर घेऊन त्या रात्रींत युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा केली. लायन्सचा आग्रह असा, की इंजिन ताकदवान तर हवंच, पण बॉनेट उघडल्यावर रुबाबदारही दिसलं पाहिजे. १९४८ च्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात एक्सके १२० गाडीत ते दिसलं. ३,४४२ सीसी, सहा सिलिंडर, वर दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्हची उघडझाप करणारे फिरते दांडे) आणि त्यांवर दोन लांब पॉलिश केलेली ॲल्युमिनियमची कव्हरं. तोपर्यंत दोन ओव्हरहेड कॅमशाफ्टची रचना ही मुख्यतः शर्यतीच्या आणि अतिमहागड्या गाड्यांची मिरासदारी होती. कव्हरं पॉलिश करून जॅग्वारने ती ठळकपणे समोर मांडली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, काळा काचेचा मुलामा होता, एनॅमलच्या भांड्यांवर असतो तोच. क्रोम जिथे काळवंडलं असतं तिथे तो टिकला, निदान टवका उडेपर्यंत.

असं कव्हर पॉलिश करायला बसलं की ओतकामाची किंमत कळते. आधी खडबडीत पॉलिश पेपरने खाचा आणि ओतकामाच्या रेषा काढायच्या, मग टप्प्याटप्प्याने ६०० नंबरच्या पाणपेपरपर्यंत यायचं. प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. त्यानंतर बफिंगचं चाक आणि बफिंगचा साबण. चाकाखाली एका जागी जास्त वेळ धरलं तर ॲल्युमिनियम तापतं आणि साबणाचे काळे डाग बसतात. शेवटी चकाकी येते तेव्हा ओतकामात राहून गेलेली सुईच्या टोकाएवढी भोकंही चमकायला लागतात. ती झाकायला पॉलिशजवळ काही उपाय नाही. शिवाय उघडं ॲल्युमिनियम लाखेशिवाय ठेवलं तर पावसाळ्यात मंद पडतंच. कोकणातल्या हवेत बुलेटची बफिंग केलेली कव्हरं ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना हे सांगायला नको.

जॅग्वारच्या हेडचे, म्हणजे ब्लॉकवर बसणाऱ्या वरच्या भागाचे, रंग हा वेगळाच विषय. एक्सके इंजिनाची हेडं वर्षागणिक बदलत गेली, पण वरून पाहणाऱ्याला सगळी सारखीच. म्हणून रंगाची खूण. सी-टाइप हेड लाल, बी-टाइप फिकट निळं, आणि १९६१ साली जिनिव्हात आलेल्या ई-टाइपच्या ३.८ लिटर इंजिनाचं सोनेरी. आज जुनी गाडी विकत घेताना लोक हेडचा रंग पाहून हुरळतात. रंगाचा डबा कुणालाही मिळतो, तेव्हा ओतीव अक्षरं आणि नंबर वाचल्याशिवाय त्या रंगाला काही अर्थ नाही.

शेवर्लेचंही असंच. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेट ३०० बनल्या, सगळ्या पांढऱ्या, आणि त्यांतलं सहा सिलिंडरचं ‘ब्लू फ्लेम’ इंजिन निळं. १९५५ साली व्ही८ आलं ते केशरी. पुढे वीसेक वर्षं हा केशरी शेवर्लेची ओळख बनून राहिला. पण तो मारला कसा जायचा, ते पाहण्यासारखं आहे. इंजिन बरंचसं जोडून झाल्यावर त्यावर फवारा मारत. काय झाकायचं याची फार चिंता नसे, त्यामुळे एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरही केशरी उडायचं आणि गाडी थोडी चालली की जळून जायचं. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोअरर्स सोसायटीचे परीक्षक गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा कशी होती याला गुण देतात. त्यामुळे नीटनेटक्या हाताच्या माणसांना मुद्दाम गबाळा फवारा मारायला शिकावं लागतं. घरी सगळं सुटं करून, प्रत्येक बोल्ट वेगळा रंगवून आणलेल्या इंजिनाला तिथे उलट गुण कमी.

आता लाल रंग. फेरारीने १९५६ च्या ५०० टीआर या चार सिलिंडरच्या शर्यती गाडीवर लाल टॅपेट कव्हरं बसवली आणि पुढच्या वर्षी आलेल्या २५० टेस्टा रोसाने ती जगाच्या डोळ्यांत भरवली. तीन लिटरचं व्ही१२ इंजिन, आणि ल माँची शर्यत या गाडीने १९५८, १९६० आणि १९६१ साली जिंकली. इतक्या विजयानंतर कव्हराचा रंग नुसता रंग राहत नाही. १९८४ साली फेरारीने बारा सिलिंडरची नवी गाडी काढली तेव्हा तिला पुन्हा तेच नाव दिलं आणि कव्हरंही लालच केली. होंडाने १९९० च्या दशकात टाइप आरला लाल कव्हर दिलं तेव्हा ते कुठल्या परंपरेत बसायला निघाले होते हे सांगायची गरज पडली नाही. निस्साननेही २००२ च्या स्कायलाइन जीटी-आर नूरला सोनेरी कव्हरं दिली, आत वेगळं, जास्त मजबूत इंजिन आहे हे कळावं म्हणून.

या कव्हरांवर बऱ्याचदा दिसणारा सुरकुत्यांचा रंग हा मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात हुशार शोध वाटतो. १९३० च्या दशकात तो रेडिओ, टाइपरायटर, कॅमेरे, मोजमापाची यंत्रं अशा सगळ्यांवर पसरला. त्याची किमया तुंग झाडाच्या बियांच्या तेलात. रंगाचा वरचा थर हवेतला ऑक्सिजन घेऊन आधी सुकतो आणि फुगतो. खालचा अजून ओलाच असतो, म्हणून दुधावरच्या सायीसारखी वरच्या थराला वळ्या पडतात. जो दोष म्हणून रंगारी टाळत होते तोच इथे हेतू झाला. ओतकामातली भोकं, मशीनचे ओरखडे, पॉलिशने उघडे पडणारे सगळे दोष या वळ्यांत गडप होतात. मॅग्नेशियमच्या कव्हरांना तर जाड थराची गरजच होती, कारण उघडं मॅग्नेशियम फार लवकर खराब होतं. लावताना एक थर लांबीत, दुसरा आडवा, तिसरा तिरका, आणि तिन्ही भरपूर जाड. मग गरम करायचं. काही मिनिटांत पृष्ठभाग आकसू लागतो. थर पातळ पडला असेल तर वळ्या येतच नाहीत, नुसता खडबडीत रंग राहतो, आणि मग सगळं खरवडून पहिल्यापासून. सुकल्यावर कव्हरावरच्या उठावदार अक्षरांवरचा रंग घासून काढतात, तेव्हा लाल किंवा काळ्या जमिनीतून कंपनीचं नाव पांढऱ्या धातूत वर येतं.

आतल्या भागांचं पॉलिश हा वेगळा संप्रदाय. कनेक्टिंग रॉडवर (पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्यावर) ओरखडा राहिला तर तिथूनच तडा सुरू होतो, म्हणून शर्यतीचे रॉड लांबीच्या दिशेने पॉलिश करत. पुढे जनरल मोटर्सच्या जॉन आल्मेनने छर्ऱ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग दाबून घट्ट करण्याची रीत शास्त्रशुद्ध केली. हवा जाण्याच्या पोर्टचं तसं नाही. हॅरी वेस्लेकने जॅग्वारच्या हेडचं काम केलं ते हवेचा प्रवाह मोजून, आणि त्यात आकाराला महत्त्व होतं, चकाकीला कमी. होंडाच्या १९९५ च्या इंटेग्रा टाइप आरमधल्या १.८ लिटर इंजिनाचे पोर्ट कारखान्यात हाताने घासून गुळगुळीत केले जात. ते इंजिन ८,००० आरपीएमला २०० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) देई. ही गोष्ट ऐकून गल्लोगल्ली लोकांनी इनटेक पोर्टला आरसा करून टाकला. पोर्टला तोंड दिसेपर्यंत घासल्याने गाडी पळत नाही, उलट पेट्रोलचे थेंब भिंतीवर ओघळू नयेत म्हणून इनटेकला थोडा खरखरीतपणा बरा.

आणखी आत गेलं की मुलाम्याचं राज्य. माहले या जर्मन कंपनीने १९६७ च्या सुमारास निकासिल आणलं. निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे कण बसवलेले. उद्देश वांकेल (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरच्या) इंजिनाचा होता, पण फायदा पॉर्शला झाला. ९१७ या शर्यती गाडीनंतर १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये निकासिलमुळे सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ८४ वरून ९० मिलिमीटर करता आला. बाहेरून जागा तेवढीच, आत इंजिन मोठं, ताकद २१० पीएस. १९९० च्या दशकात मात्र याच मुलाम्याने बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या व्ही८ इंजिनांना घोर लावला. पेट्रोलमधल्या गंधकामुळे, विशेषतः इंजिन नीट तापण्याआधीच बंद होणाऱ्या छोट्या फेऱ्यांत, सिलिंडरचा मुलामा खाल्ला जायचा. बीएमडब्ल्यू दुसऱ्या मिश्रधातूकडे गेली, जॅग्वार बिडाच्या लायनरकडे (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळीकडे) परतली. निस्सानने २००७ च्या जीटी-आरमध्ये तिसरी वाट धरली, प्लाझ्माने फवारलेला ०.१५ मिलिमीटरचा लोखंडी थर.

उष्णतेचं गणित तर रंगाच्या समजुतींना छेद देणारं. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी बाहेर फेकत नाही, काळा रंग फेकतो. म्हणून हवेने थंड होणाऱ्या इंजिनांना पातळ काळा रंग चालतो, आणि उष्णता अडवायची असेल तिथे चकाकी. मॅक्लारेन एफ१ च्या कार्बन फायबरच्या सांगाड्याला बीएमडब्ल्यूच्या ६.१ लिटर व्ही१२ ची धग लागू नये म्हणून १९९० च्या दशकात इंजिनाच्या खोलीला सोन्याचा वर्ख लावला, सुमारे १६ ग्रॅम. एक्झॉस्टवरचे सिरॅमिक मुलामे विमान आणि रॉकेटांच्या कामातून आले. एक्स-१५ या रॉकेट विमानाच्या इंजिनात झिर्कोनियाचा थर होता, आणि तोच पदार्थ आज टर्बोच्या घरांवर फवारला जातो.

सध्या जुन्या गाड्या नीट करणाऱ्यांना सतावणारी गोष्ट यापेक्षा किरकोळ दिसते: बोल्ट. जुन्या पॉर्श-फेरारीच्या इंजिनांवरचे बोल्ट, क्लिपा, कार्ब्युरेटरचे दांडे झिंक किंवा कॅडमियमचा मुलामा देऊन वर क्रोमेटच्या पिवळसर, इंद्रधनुषी झाकेत बुडवलेले असत. ती झाक सहासंयुजी क्रोमियमची, आणि ते कॅन्सर करणारं. युरोपात नव्या गाड्यांसाठी ते १ जुलै २००७ पासून बंद झालं, आणि मुलाम्यासाठी लागणारं क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ नंतर खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्रिसंयुजी क्रोमियमचा पर्याय आहे, गंजाला तो चांगला टिकतो, पण त्याची पिवळी झाक रंग मिसळून आणावी लागते आणि जुन्या बोल्टशेजारी ठेवली की वेगळी ओळखू येते. त्यामुळे काही जण जुने बोल्ट झिजलेल्या मुलाम्यासकट तसेच ठेवतात, नुसते रॉकेलने धुऊन परत बसवतात.