हिवाळ्यात उद्यानातल्या वाटांना काही करावं लागत नाही?

‘वाटा खराब होतात त्या पावसाळ्यात. थंडीत नुसता झाडू मारला की झालं.’ मुंबईत हा समज वर्षानुवर्षं चालत आला आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, हे खरं. पण पावसाने केलेलं नुकसान चालणाऱ्याला नडतं ते पाऊस थांबल्यावरच.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी पाहा. पाण्याने वाटेखालची माती वाहून जाते. ऑक्टोबरनंतर जमीन सुकते, तसे फरशांचे आणि पेव्हर ब्लॉकचे सांधे खचतात, मुळांजवळचे ब्लॉक वर येतात. बोटभर उंचवटाही व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडवायला पुरतो. मग हिवाळा सरताना सागाची मोठाली पानं गळतात. त्यांच्याखाली खड्डा, पायरीची कड, सुटा दगड सगळं झाकलं जातं. अंध व्यक्तीच्या पांढऱ्या काठीलाही ते नीट कळत नाही. सावलीतलं वाळलेलं शेवाळ पहाटेच्या दवाने पुन्हा निसरडं होतं.

म्हणून झाडू हवाच, पण त्यासोबत शेवाळ खरवडणं, सांधे भरणं, खचलेला ब्लॉक काढून खालचा थर ठोकून बसवणंही हवं. नुसतं वरून सिमेंट फासणं मला चुकीचंच वाटतं, कारण त्याने नवा उंचवटा तयार होतो. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा (म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी) तीव्र नको, हेही दुरुस्तीत पाळावं लागतं. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता आल्या पाहिजेत, असं २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा सांगतो, आणि तो बारा महिने लागू असतो. या कामाला कोरडे महिनेच सोयीचे, कारण भरलेला थर वाहून जात नाही.