इस्त्रीचा भागाकार, बल्बचा भागाकार

लाँड्रीतल्या इस्त्रीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: 230 व्होल्ट, 1000 वॅट. बहुतेकांची नजर फक्त वॅटवर जाते, कारण बिल त्यावर येतं. पण या दोन आकड्यांत इस्त्रीची सगळी कुंडली आहे. 1000 ला 230 ने भागलं की 4.35 अँपिअर, म्हणजे तारेतून जाणारा करंट. आता 230 ला या 4.35 ने भागा. उत्तर साधारण 53 ओहम. हा झाला आतल्या कॉईलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. थोडक्यात, व्होल्टेज आणि करंट हाती असले की भागाकारातून रोध मिळतो आणि गुणाकारातून वॅट.

शाळेत यासाठी व्होल्टेज, करंट आणि रोध यांच्या अक्षरांचा एक त्रिकोण पाठ करून घेतात. एका अक्षरावर बोट ठेवायचं, उरलेली दोन उत्तर सांगतात. मार्क मिळतात, पण रोध हा वस्तूवर मारलेला कायमचा शिक्का आहे असा समज मात्र पक्का होऊन बसतो.

सोलापूरचा मे घ्या. पारा चाळीशीच्या वर, गल्लीतल्या घराघरांत कूलर चालू. सगळ्यांचा करंट त्याच तारांतून येतो आणि तारांनाही थोडा रोध असतोच, त्यामुळे लाईनच्या टोकाला असलेल्या दुकानात 230 च्या जागी 190 व्होल्ट पोचतात असं धरू. इस्त्रीच्या कॉईलचा रोध तोच, 53 ओहम. म्हणजे करंट उतरला 3.59 अँपिअरवर आणि 190 गुणिले 3.59 झाले 682 वॅट. व्होल्टेज सतरा टक्के घटलं, पण उष्णता बत्तीस टक्के गेली, कारण व्होल्टेजबरोबर करंटही पडला आणि गुणाकारात दोघांचा तोटा एकत्र झाला. 'आज इस्त्री तापेना' ही तक्रार खरीच असते. तारा उन्हानेही तापतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो, म्हणजे 20 अंशांच्या तारेपेक्षा 45 अंशांच्या तारेचा रोध जवळजवळ दहा टक्के जास्त.

इस्त्रीचा हिशेब इतका सरळ जुळतो, कारण तिची कॉईल निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची असते आणि थंड असो वा गरम, तिचा रोध फारसा हलत नाही. जुना पिवळा बल्ब मात्र फसवतो. 100 वॅटच्या बल्बचा हिशेब मांडला तर रोध 529 ओहम येतो. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर मल्टिमीटर लावून बघा: काटा चाळीसच्या आसपास थांबतो. मीटर बिघडलेलं नसतं. पेटलेली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या घरात असते आणि त्या तापात तिचा रोध दहा-पंधरा पट झालेला असतो. म्हणून बटण दाबल्याच्या क्षणी थंड तारेतून कितीतरी पट करंट घुसतो, आणि असे बल्ब बहुधा लावतानाच 'टक' करून उडतात.

गेओर्ग ओहम या जर्मन शिक्षकाने व्होल्टेज, करंट आणि रोध यांचा हा नियम 1827 मध्ये पुस्तकातून मांडला. त्या काळच्या बॅटऱ्यांचं व्होल्टेज स्थिर राहत नसे, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ यांच्या सांध्यांमधल्या तापमानाच्या फरकातून वीज घेतली. मला त्याचं कौतुक नियमापेक्षा या युक्तीचं जास्त वाटतं. मायदेशात आधी त्याला फारशी दाद मिळाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं ते 1841 मध्ये, आणि त्याच वर्षी जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाचा निबंध छापून आला: तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

हा वर्ग घरात कुठे दिसतो? सैल प्लगमध्ये. पिन आणि सॉकेट यांच्यातल्या खराब सांध्याला अर्धा ओहम रोध आहे असं समजा. इस्त्रीच्या 4.35 अँपिअरला तिथे साडेनऊ वॅट उष्णता होते. त्याच सॉकेटला 2000 वॅटचा गिझर लावला की करंट दुप्पट, 8.7 अँपिअर, आणि उष्णता चौपट, 38 वॅट. नखाएवढ्या जागेत 38 वॅट! पिन काळी पडते, प्लास्टिक मऊ होतं, वास येतो. त्या वासाकडे दुर्लक्ष करू नका, लगेच मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा.

चालू वस्तूचा करंट मोजायला वायरमन क्लॅम्प मीटर वापरतात. त्याचा चिमटा एकाच वायरभोवती घालायचा. अख्ख्या केबलभोवती घातला तर शून्य दिसतो, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर किंवा घरच्या कूलरवर मात्र हा हिशेब जसाच्या तसा बसत नाही. मोटर 230 व्होल्टवर 1 अँपिअर घेत असेल तर भागाकार 230 ओहम सांगतो, पण वाइंडिंगला मल्टिमीटर लावला तर आकडा त्याहून बराच कमी येतो. फिरती मोटर आणि तिच्यातलं चुंबकत्व करंटला अडवतं, तो अडथळा थंड तारेत सापडत नाही. गुणाकारही 230 येतो, मात्र घरच्या मीटरवर तितके वॅट मोजले जात नाहीत, कारण करंट व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. मोठ्या मोटरच्या पाटीवर त्यासाठी आणखी एक आकडा असतो, पॉवर फॅक्टर. तो 0.8 असेल तर 230 गुणिले 1 गुणिले 0.8, म्हणजे 184 वॅट, आणि बिल त्याच आकड्यावर येतं.