टँकमधला सरडा पळाला तर : ओळख, शोध आणि धरायची रीत
(आमच्या दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

हे पत्रक टँकच्या झाकणावर किंवा फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवा. प्राणी पळाल्यावर शोधाशोध करून वाचायला कुणाला वेळ नसतो. घरातलं एकजण झाडू घेऊन उभं असतं आणि दुसरं पलंगावर चढलेलं असतं.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आमच्या धंद्यात बऱ्याचदा शब्दशः खरी ठरते. पळालेला प्राणी बहुतेक वेळा त्याच खोलीत नाहीतर शेजारच्या खोलीत असतो. सरडे अंगात ऊब तयार करू शकत नाहीत, ती बाहेरून घेतात. त्यामुळे टँकमधून निघालेला प्राणी आधी उबदार जागा आणि लपायला अंधारी सांद शोधतो. मागे धावलात तर मात्र तो खरंच लांब जाईल. दारं लावा, दाराखालच्या फटीत टॉवेल खुपसा, कूलर आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, कुत्रा-मांजर दुसऱ्या खोलीत कोंडा. बाकीचं सावकाश.

आधी बघा, तो आपलाच आहे का

हा भाग लांबलाय, पण सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. "तुमचा सरडा आमच्या गोठ्यात सापडला," असा शेजाऱ्याचा निरोप आला तर तो आपला असेलच असं नाही. रानातला प्राणी धरून घरी आणणं हा गुन्हा ठरू शकतो.

लेपर्ड गेको : पालीच्या कुळातला, साधारण वीतभर ते दहा इंच. पिवळट अंगावर काळे ठिपके, शेपूट गाजरासारखी जाड, कारण चरबी तिथंच साठते. खूण डोळ्यांची. लेपर्ड डोळे मिटतो. भिंतीवरच्या पालीला पापण्याच नसतात, ती जिभेनं डोळा पुसते. लेपर्डच्या बोटांना पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्याही नसतात, म्हणून तो भिंतीवर किंवा काचेवर चढू शकत नाही. छताला काही चिकटलेलं दिसलं तर ती घरचीच पाल, तिला राहू द्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ भागात लेपर्ड गेकोचे रानटी भाऊबंद राहतात. शेताच्या बांधावर, दगडाखाली तपकिरी-पिवळे पट्टे असलेला सापडला तर तो तिथलाच समजा आणि दगड अलगद जागेवर ठेवा. केशरी, पांढरट, बिनठिपक्याचे असे रंग मात्र पाळलेल्यांतच जास्त दिसतात.

बिअर्डेड ड्रॅगन : मूळचा ऑस्ट्रेलियाचा, दीड ते दोन फुटांचा, चपटा. अंगाच्या दोन्ही कडांना काट्यांची रांग. हे काटे दिसतात भयंकर, लागतात मऊ. डिवचला की गळा फुगवतो आणि तो काळा पडतो. कुंपणावरचा आपला नेहमीचा सरडाही मान खालीवर करतो, त्यामुळे तेवढ्यावरून ओळखू नका. कुंपणावरचा सडपातळ असतो, त्याची शेपूट अंगाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, आणि माणूस दिसला की तो बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला सरकतो. बिअर्डी तिथंच बसून तुमच्याकडे बघत राहील.

हिरवा इग्वाना : मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. वाढला की शेपटीसकट चार ते साडेपाच फूट होतो. लोक याला घोरपड समजतात आणि घोरपडीला इग्वाना. जबड्याच्या मागच्या टोकाला, कानाच्या खाली बघा. रुपयाएवढा एक गोल, चकचकीत खवला दिसला की इग्वाना. पाठीवर काट्यांची ओळ आणि गळ्याखाली लोंबती झालर असते. घोरपडीला यातलं काही नसतं. ती मातकट रंगाची असते आणि दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर करते.

घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती धरणं, पाळणं, मारणं यासाठी तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. घोयराही संरक्षितच. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवणारा, शेपटीची गुंडाळी करून फांदीवर हळूहळू चालणारा तो घोयरा. त्याच्या नुसत्या स्पर्शानं माणूस मरतो असं गावाकडं सांगतात. तसं काही होत नाही. सापसुरळीचंही तेच. भारतातल्या रानात माणसाला विषबाधा करणारा एकही सरडा नाही. घोरपड आणि घोयरा आम्ही विकत नाही, कुणी "मागवून द्या" म्हणू नये.

रानातला प्राणी घरात शिरला असेल, किंवा साप की सापसुरळी हे कळत नसेल, तर लांब थांबा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

शोधायचं कुठं

लेपर्ड जमिनीलगत. दिवाणाखाली, चपलांच्या स्टँडमध्ये, गाद्यांच्या घडीत. तो दिवसा झोपतो. सगळे दिवे घालवून रात्री टॉर्च घेऊन बसा. बिअर्डी दिवसा फिरतो. फ्रिजच्या मागं, इन्व्हर्टरवर, सेट-टॉप बॉक्सवर, नाहीतर खिडकीतून ऊन येतं त्या फरशीवर तो सापडतो. इग्वानासाठी वर बघा. पडद्याचा रॉड, माळा, अंगणातलं लिंबाचं किंवा आंब्याचं झाड.

कूलर उघडून बघायला विसरू नका. उन्हाळ्यात आपल्याकडं घरोघरी कूलर असतो आणि वाळ्याच्या जाळीमागं लपायला भरपूर जागा असते. सोफ्यावर बसण्याआधी गाद्या उचला. कपड्यांचं मशीन लावण्याआधी ड्रममध्ये हात फिरवा.

नाहीच दिसला, तर झोपण्यापूर्वी प्रत्येक उंबऱ्यावर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर भुरभुरा. सकाळी पावलांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ दिसते. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेला ते कळलं की निम्मं काम झालं. रिकामा टँकही जमिनीवर उतरवा, दार उघडं ठेवा, दिवा चालू ठेवा, वाटीत पाणी ठेवा. थंडीत प्राणी स्वतःहून परत आत येऊन बसण्याची बरीच शक्यता असते.

उंदरांसाठी लावलेले चिकट कागद आधी उचला. त्यावर अडकलाच तर ओढू नका, कातडी निघते. खाण्याचं गोडं तेल बोटानं चिकट भागात हळूहळू चोळा, सुटतो. घरात झुरळांचं औषध अजिबात मारू नका.

धरायचं कसं

कोणताही असो, शेपटीला धरून उचलायचं किंवा ओढायचं नाही. लेपर्ड आणि इग्वाना घाबरले की शेपूट सोडून देतात. लेपर्डला नवी फुटते, पण ती बुटकी आणि बेढब. बिअर्डीची गेली ती गेलीच.

वरून झडप घालू नका. घार, ससाणा वरूनच येतात, त्यामुळे वरून येणारी सावली म्हणजे मरण, एवढं या प्राण्यांना उपजत कळतं. इग्वाना आणि बिअर्डीच्या डोक्यावर, मधोमध, उजेड-अंधार ओळखणारा तिसरा डोळा असतो. त्यावर तुमची सावली पडली की प्राणी उसळतो. खाली बसा, बाजूनं जा.

लेपर्डवर प्लास्टिकचा डबा पालथा घाला, खालून पुठ्ठा सरकवा, झालं. बिअर्डीच्या छातीखालून एक तळवा घाला आणि मागच्या पायांखाली दुसरा. चारही पाय टेकलेले असले की तो धडपड करत नाही.

मोठा इग्वाना एकट्यानं धरू नका. तो शेपटीनं फटका मारतो, फटका लागला की वळ उठतो. नखं धारदार, दात करवतीसारखे बारीक. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि जाड पँट घाला. सोलापुरी चादर दुहेरी करून डोक्यासकट अंगावर टाका, डोळे झाकले की तो बराच शांत होतो. मग चादरीवरूनच एक हात पुढच्या पायांच्या मागं, दुसरा कमरेशी. शेपूट काखेत दाबा, ओढू नका. झाडावर असेल तर दुपारी मागं लागू नका, तापलेला इग्वाना कुणाच्या हाती लागत नाही. पहाटे उजाडायच्या सुमारास तो गार आणि सुस्त असतो, तेव्हा शिडी लावा आणि खाली चादर ताणून दोघांना उभं करा.

डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. अशा सकाळी इग्वाना ताठ होऊन पडलेला दिसला तर लगेच खड्डा खणू नका. अमेरिकेत फ्लोरिडातले सुटलेले इग्वाना थंडीच्या लाटेत झाडांवरून खाली पडतात आणि ऊन आलं की उठून चालू लागतात. हवेशीर डब्यात ठेवून त्याला सावकाश ऊब येऊ द्या. चुलीजवळ किंवा हीटरसमोर नको. मे महिन्यात याच्या उलट. तापलेल्या पत्र्यावर प्राणी थोड्या वेळात दगावतो. तोंड वासून निपचित पडलेला सापडला तर सावलीत आणून साध्या पाण्यात पाय बुडतील एवढं ठेवा. बर्फ नको, फ्रिजचं पाणीही नको.

चावला तर

हिसडा मारू नका, जखम फाटते. त्याला जमिनीवर टेकवा, डोळ्यांवर कापड टाका, सोडेपर्यंत थांबा. मग वाहत्या पाण्याखाली साबणानं जखम भरपूर धुवा. रेबीज सस्तन प्राण्यांचा रोग आहे, सरड्यापासून होत नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं मात्र डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल, सूज चढत असेल किंवा जखम खोल असेल तर त्याच दिवशी दाखवा.

न चावताही काळजी घ्यायचीच. अंगानं धडधाकट दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, जुलाब-तापाचं ते कारण ठरतं. धरल्यावर हात धुवा, त्याला स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची लेकरं, गरोदर बाई आणि घरातली म्हातारी माणसं यांना या कामापासून लांबच ठेवा.

सापडल्यावर

लगेच खायला घालू नका. आधी काही तास दिव्याखाली तापू द्या, गार पोटात अन्न पचत नाही. प्राणी शेतात राहून आला असेल आणि कापूस-सोयाबीनवर फवारणीचे दिवस असतील, तर प्राण्यांच्या डॉक्टरांना तसं सांगा, कारण विषारी किडे खाल्लेले असू शकतात. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दुखापत असेल तर जवळ पडेल तिथं न्या.

इग्वाना असेल तर कागदाचंही बघा. तो वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि २०२४ मध्ये तिचे नियम आले. त्यानुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ज्यांची राहिली असेल त्यांनी बिल घेऊन दुकानात यावं, फॉर्म भरायला मदत करू, त्याचे पैसे घेत नाही. आणि पाळायचा कंटाळा आला म्हणून कुणी तो गोदाकाठी किंवा धरणावर नेऊन सोडू नका. आम्हाला परत द्या. प्राणी कसाही असला तरी परत घेतो, फक्त पैसे परत मिळणार नाहीत.

ओळखायला मदत हवी असेल तर बिलावरच्या नंबरवर फोटो पाठवा. एक फोटो बाजूनं, एक डोक्याचा, जवळ चप्पल ठेवून म्हणजे माप कळतं. फोटोसाठी त्याला हलवू नका. रविवारी दुकान बंद असतं, फोन चालू असतो.