सातशेची चिप आणि पंचवीस हजारांचा बॉक्स, आत नेमकं काय असतं

कोणी म्हणालं की गाडीला चिप बसवली, तर आधी विचारायचं कुठे बसवली, स्टिअरिंगखाली की बॉनेटखाली? कारण बाजारात दोन पार वेगळ्या वस्तू ‘चिप’ याच नावाने खपतात आणि दोन्हींच्या जाहिरातीत तेच, पिकअप वाढेल, ॲव्हरेज वाढेल, पाच मिनिटांत घरी बसवा. एक म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक गाडीतले दोष वाचायला स्कॅनर लावतो तिथे) खुपसायची काडेपेटीएवढी चिप, नायट्रो ओबीडी2, इको ओबीडी2 अशा नावांची, ऑनलाईन तीनशेपासून हजारापर्यंत मिळते. दुसरा बॉनेटखाली लावायचा ट्युनिंग बॉक्स, जर्मनीचे रेसचिप किंवा डीटीई, आपल्याकडे बंगळुरूचे रेस डायनॅमिक्स (केटीएम ड्यूक बाईकवाल्यांना त्यांचं पॉवरट्रॉनिक माहीत असेल, तेच लोक), आणि त्याचे वीस-पंचवीस हजार सहज जातात. मग साहजिक वाटतं, सातशेत काम होतंय तर पंचवीस हजार कशाला घालवा? पण सातशेत ते काम होतच नाही.

ओबीडी चिप उघडली तर आत एक छोटी पीसीबी, त्यावर एक मायक्रोकंट्रोलर, दोन-तीन एलईडी, एक बटण, बाकी किरकोळ. आता ओबीडी सॉकेटला 16 पिना असतात, त्यातल्या 6 आणि 14 नंबरवर कॅन बस असते, म्हणजे ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ज्या लाईनवर बोलतो ती, आणि तिच्यावर बोलायचं तर मेसेज पाठवणारा-घेणारा कॅन ट्रान्सीव्हर लागतो. क्वार्कस्लॅब नावाच्या फ्रेंच सिक्युरिटी कंपनीने नायट्रो ओबीडी2 उघडून बघितली, तर ट्रान्सीव्हर नाहीच. कोणी म्हणेल तो त्या एकाच आयसीच्या, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या, पोटात असेल, म्हणून त्यांनी आयसीचं कवच काढून आतली सिलिकॉनसुद्धा बघितली, तिथेही नाही. चिप लावून गाडीच्या बसवरचे मेसेज रेकॉर्ड केले, एकही नवीन मेसेज नाही. थोडक्यात बॅटरीवर दिवे लुकलुकतात, बस. आणि समजा ट्रान्सीव्हर असता तरी काय, ईसीयूचा मॅप (कधी किती इंधन सोडायचं याचा तक्ता) बदलायला आधी त्याचं लॉक उघडावं लागतं आणि त्या इंजिनाची बरोबर फाईल लागते, आणि या चिपला आपण स्विफ्टमध्ये आहोत की इनोव्हात हेही कळत नाही.

तरी लोकांना फरक जाणवतो म्हणे. पैसे मोजल्यावर पाय जरा वेगळा पडतो, हा एक भाग. शिवाय चिप तुमचं ड्रायव्हिंग दीडशे-दोनशे किलोमीटर शिकते असं सांगतात, तोवर बऱ्याचदा रिटर्नची मुदत संपत आलेली असते, हुशार आहेत.

ट्युनिंग बॉक्स खरंच काहीतरी करतो. कॉमन रेल डिझेलमध्ये सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबाखालचं डिझेल मिळतं. तो दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरला तीन वायरी असतात, 5 व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल, सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट. बॉक्स या सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसतो आणि चक्क खोटं बोलतो. रेलमध्ये 1300 बार असताना तो 1200 सांगतो, ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा पण प्रेशर जास्त, म्हणून डिझेल जास्त जातं आणि टॉर्क वाढतो. टर्बो पेट्रोलमध्ये हाच खेळ टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या बूस्ट सेन्सरशी.

इथेही एक चोरवाट आहे. दीड-दोन हजारात ‘डिझेल बॉक्स’ मिळतात त्यात नुसता रेझिस्टर असतो, म्हणजे आयडलला असो, थंड इंजिन असो, खोटं कायम चालूच, मग खडखडाट आणि मागून काळा धूर. चांगल्या बॉक्समध्ये प्रोसेसर असतो, लोड किती आहे बघून तो सिग्नल बदलतो, आयडलला हात लावत नाही.

पण माझ्या मते बॉक्सची खरी परीक्षा सर्किटात नाही, कपलरमध्ये (वायरी जोडायच्या प्लगमध्ये) आहे. कंपनीच्या सेन्सरला जसा कपलर असतो तसाच हवा, टक आवाज करून लॉक बसणारा, आत रबरी सील असलेला, आणि पिना हलवल्या तर हलता कामा नयेत. वायरिंगवर उष्णता झेलणारी जाळीदार स्लीव्ह हवी, बॉक्स आतून एपॉक्सीने भरलेला हवा, कारण बॉनेटखाली मे महिन्यात पुण्यात काय भट्टी असते आणि पावसाळ्यात कोकणात उतरताना किती पाणी उडतं ते आपल्याला माहीतच आहे. एक पिन सैल झाली की रेल सेन्सरचा सिग्नल जातो, पी0192 किंवा पी0193 हा दोषाचा कोड पडतो, चेक लाईट लागते आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे ईसीयू मुद्दाम ताकद कमी करतो, तेही नेमकी घाटात ओव्हरटेक करताना. म्हणून सोबत बायपास प्लग येतो का ते बघायचं, बॉक्स काढून तो लावला की गाडी होती तशी चालते.

आता पंचवीस हजार योग्य आहेत का? आतल्या पार्टचे म्हणाल तर अजिबात नाहीत. पैसे जातात ते त्या इंजिनासाठी डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) केलेल्या मॅपचे, बरोबर कपलर मिळवण्याचे, इम्पोर्ट ड्युटीचे, वॉरंटीचे आणि हो, नावाचेही. ब्लूटूथ ॲपवालं मॉडेल महाग पडतं, मला तरी ते फुकटचा खर्च वाटतं, चार दिवस मोड बदलून बघतो आणि मग कोणी हात लावत नाही. जवळपास तेवढ्याच पैशात ईसीयू रीमॅप होतो, म्हणजे ईसीयूतला मॅपच बदलतात, त्यात कपलरची भानगडच नाही, फक्त सर्व्हिस सेंटरने ईसीयू अपडेट केला की मॅप पुसला जातो. दोन्हीत कंपनीची वॉरंटी धोक्यात, आणि बीएस6 डिझेलमध्ये धूर वाढला तर आधी डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) भरतो, तो साफ करायचा खर्च वेगळा.

सेकंडहँड बॉक्स घ्यायलाही हरकत नाही, मारुतीने 2020 मध्ये डिझेल बंद केलं तरी स्विफ्ट डीडीआयएसचे बॉक्स अजून फिरतात. फक्त इंजिन कोड जुळतो का विचारा, आणि विकणाऱ्याकडून बॉक्सच्या फोटोआधी कपलरच्या पिनांचा जवळून काढलेला फोटो मागा, हिरवट झाल्या असतील तर सोडून द्या.